स्वस्त औषध, मुका ग्राहक

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दरसाल सुरुवातीलाच जो सिद्धान्त शिकवला जातो तो असा की, वस्तूची किंमत उतरली की तिची मागणी वाढते. विद्यार्थी तो चटकन मान्य करतात, कारण भाजीबाजारात त्याचा अनुभव त्यांनी घेतलेला असतो. त्याच वर्गात पुढे असेही सांगितले जाते की, ज्या इच्छेमागे पैसा उभा नाही ती अर्थशास्त्राच्या लेखी मागणीच नव्हे. या दोन्ही विधानांना पुरून उरेल अशी एक वस्तू आज जगाच्या बाजारात आहे. ती अतिशय स्वस्त आहे, तिची उपयुक्तता वादातीत आहे, तिच्यासाठी लागणारा पैसा गरिबातल्या गरीब सरकारलाही परवडण्यासारखा आहे. आणि तरीही जिच्यापर्यंत ती पोहोचायला हवी तिच्यापर्यंत ती अनेकदा पोहोचत नाही.

ही वस्तू म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन. ज्या गर्भवतीला उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, संसर्ग झाला आहे तिच्या पोटातील बाळाला वाचवण्यासाठी खात्रीने द्यावे असे औषध हेच. लागण अलीकडची असेल तर चोवीस लाख युनिटांची एक मात्रा पुरते. ती जुनी असेल किंवा केव्हाची हे ठाऊक नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा द्याव्या लागतात. तिन्ही मात्रांना मिळून जो औषधखर्च येतो तो शहरातील एखाद्या कुटुंबाच्या एका सिनेमाच्या खर्चाहून कमी भरतो.

हा विषय वैद्यकाचा. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, यातला वैद्यकाचा भाग केव्हाच सुटलेला आहे. जे उरले आहे ते पुरवठ्याचे, किमतीचे, हिशेबाचे आणि शरमेचे गणित आहे, आणि ते सोडवणे हे एकट्या डॉक्टरांचे काम नाही.

नोंदवहीतील एक रकाना

दोन हिवाळ्यांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांसह मराठवाड्यातील एका गावी आठवडाभर राहिला होता. गावचे आरोग्य उपकेंद्र दोन खोल्यांचे होते. तेथील आरोग्यसेविका वीस वर्षे नोकरी केलेल्या, नीटनेटक्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. विद्यार्थ्यांना जन्ममृत्यूच्या नोंदी कशा ठेवतात हे दाखवताना त्यांनी नोंदवही उघडली. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. ‘मृतजन्म’ असे लिहिले होते आणि कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’.

“सर, हे अज्ञात मीच लिहिलेलं आहे,” बाई म्हणाल्या. “पण कारण मला ठाऊक होतं.”

ती स्त्री ऊसतोड कामगार. आधीची दोन बाळंतपणे वाया गेलेली. तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात ती उपकेंद्रात आली. बोटाच्या टोकाच्या रक्ताच्या तपासणीत उपदंश असल्याचे दिसले. इंजेक्शन उपकेंद्रात नव्हते आणि ज्या मोठ्या दवाखान्यातून ते यायचे तेथला साठाही संपलेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आठवड्याच्या अंतराने तीन वेळा इंजेक्शन घ्यायचे, असे तिला सांगण्यात आले. परंतु मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि टोळीची गाडी दोन दिवसांनी निघणार होती. नवराबायको मिळून एक कोयता. बाई मागे राहिली तर कोयता मोडतो, आणि खाडा झाला तर त्याची वजावट उचलीतून होते. ती गेली. पुढे सातव्या महिन्यात, पश्चिम महाराष्ट्रातील कुठल्याशा फडावर, बाळ मेलेले जन्मले. निरोप आला तेव्हा बाईंनी नोंद केली. “खरं कारण लिहिलं असतं तर वही ज्याच्या ज्याच्या हाती पडली असती त्याने तिलाच नावं ठेवली असती, आणि सासरी नांदणं अवघड झालं असतं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या या कृतीला चूक म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. परंतु त्या एका शब्दात या प्रश्नाचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे, हे मात्र मला त्या दिवशी उमगले.

जुना रोग, जुना उपाय

उपदंशाचा जंतू आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भात शिरतो. लागण अलीकडची असून उपचार झाला नाही, तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांचा शेवट वाईट होतो. कधी गर्भपात, कधी मृतजन्म, कधी अपुऱ्या दिवसांचे आणि अपुऱ्या वजनाचे बाळ. काही बाळे जन्मतः निरोगी दिसतात. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते, नाक वाहू लागते, हाडे दुखरी होतात. जी त्यातूनही जगतात त्यांच्यापैकी काहींची दृष्टी किंवा श्रवणशक्ती पुढे वाढत्या वयात अधू होते. आईला मात्र अनेकदा काहीच जाणवत नाही. रोग अंगात मुरलेला असतो आणि वरून प्रकृती ठणठणीत दिसते. म्हणूनच येथे तपासणीवाचून गत्यंतर नाही. उपचार जितका लवकर तितका उत्तम. प्रसूतीला महिन्याहून कमी अवधी उरला असता दिलेले औषध बाळाच्या दृष्टीने पुरेसे मानले जात नाही.

आपल्याकडे या रोगाची ओळख सोळाव्या शतकापासून आहे. ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला अशी समजूत होती. लोकांच्या तोंडी त्याला ‘गरमी’ म्हणत. जंतूचा शोध १९०५ साली जर्मनीत शाउडिन आणि होफमान यांनी लावला आणि पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्ततपासणी आली. १९१० मध्ये एर्लिख यांचे सल्व्हरसान बाजारात आले. ते सोमलापासून बनवलेले आणि जहाल होते. खरा उपाय सापडला तो १९४३ मध्ये, जेव्हा अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार रुग्णांवर पेनिसिलिनचा यशस्वी प्रयोग केला. त्यानंतर आजवर उपदंशाच्या जंतूने पेनिसिलिनला दाद न दिल्याचे उदाहरण नाही. प्रतिजैविकांचा धाक कमी होत चाललेल्या या काळात ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

महाराष्ट्राचा या औषधाशी जवळचा संबंध आहे. स्वतंत्र भारताने पेनिसिलिन देशातच करावयाचे ठरवले तेव्हा त्यासाठी पिंपरीची जागा निवडण्यात आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी तेथे उभी राहिली. पेनिसिलिन हे बाजारावर सोडून देण्याजोगे औषध नाही, ही त्यामागची भूमिका होती. ती भूमिका पुढे कशी विसरली गेली, हे पाहिल्यावाचून आजच्या टंचाईचा उलगडा होत नाही.

स्वस्ताईचा शाप

बेंझाथीन पेनिसिलिनवर कोणाचेही पेटंट नाही. ते इतके स्वस्त आहे की त्यात नफा जवळजवळ नाही. आणि ते निर्जंतुक वातावरणात, वेगळ्या यंत्रसामग्रीवर करावे लागत असल्यामुळे कारखानदाराची कटकट मात्र मोठी आहे. परिणामी जगात त्याचा मूळ कच्चा माल करणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. त्यांतील एखादीने काही काळ उत्पादन थांबवले की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या प्रसूतिगृहातील कपाट रिकामे होते. २०१६ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने या टंचाईची रीतसर दखल घेतली. त्या सुमारास पंचाण्णव देश व प्रदेशांची पाहणी झाली, तीत एकोणचाळीस ठिकाणी हे औषध कमी पडल्याचे आढळले. ब्राझीलसारख्या मोठ्या देशालाही त्याची झळ बसली.

ही केवळ गरीब देशांची कहाणी आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत २०१२ साली जन्मजात उपदंशाची ३३५ बाळे नोंदली गेली होती. २०२२ साली ती संख्या ३,७६१ झाली, आणि त्यांत २८२ मृतजन्म व अर्भकमृत्यू होते. यांतील दहापैकी जवळजवळ नऊ प्रकरणे वेळेवर तपासणी व उपचार झाला असता तर टळली असती, असे तेथील सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेच म्हटले आहे. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, तेथे या इंजेक्शनचा तुटवडा पडला आणि असलेला साठा गर्भवतींसाठी राखून ठेवण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला जगातील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक पुरेनासे व्हावे, याला काय म्हणावे?

आपल्या देशातही हेच गणित वेगळ्या अंगाने दिसते. उदारीकरणानंतर चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले आणि येथील कारखान्यांनी उत्पादन आवरते घेतले. पिंपरीचा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या औषधकिंमत प्राधिकरणाला आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, कारण ठरवलेल्या दरात ती करणे उत्पादकांना परवडेनासे झाले होते. त्यांत बेंझिल पेनिसिलिनचे इंजेक्शनही होते. हे बेंझाथीनचे भावंड, आणि जन्मजात उपदंश झालेल्या बाळाला दहा दिवस टोचतात ते हेच. त्याच वर्षी आंध्रात काकीनाडा येथे सरकारी प्रोत्साहनाने पेनिसिलिन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. सत्तर वर्षांपूर्वी आपण जेथून निघालो तेथेच वळसा घालून परत आलो, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

आवाज असणारे आणि नसणारे

याच्या शेजारी एचआयव्हीची हकीकत ठेवून पाहावी. तो विषाणूही आईकडून बाळाकडे जातो, गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. उपचार नसेल तर शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. योग्य उपचाराने हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. त्यावरील औषधे एके काळी अतोनात महाग होती. वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर खर्च येई. परंतु रुग्ण संघटित झाले, रस्त्यावर आले, न्यायालयांत गेले, वृत्तपत्रांनी त्यांची बाजू घेतली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि जगाचा औषधबाजार हादरला. भारतात २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीला आजन्म मोफत उपचार देण्याचे धोरण आहे.

या दोन कहाण्यांतून निघणारा निष्कर्ष अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही, पण तो विचारात घेण्याजोगा आहे. मागणारे होते म्हणून महाग औषध स्वस्त झाले. मागणारे नव्हते म्हणून स्वस्त औषध दुर्मिळ झाले. उपदंशाची बाधा झालेल्या गर्भवतींची संघटना नाही, मोर्चा नाही, निवेदन नाही. आपल्याला रोग आहे हेच तिला ठाऊक नसते. ठाऊक झाले तर ती ते लपवते. आणि ज्याचा जीव जातो त्याला तर अजून नावही मिळालेले नसते. आफ्रिकेतील प्रसूतिगृहांतून असे प्रकार पुढे आले आहेत की, आईची एचआयव्हीची तपासणी झाली, बाळ त्यातून वाचले, आणि ज्याची तपासणीच झाली नाही त्या उपदंशाने ते दगावले. २०१६ या एका वर्षात जगात जन्मजात उपदंशाची सुमारे ६ लाख ६१ हजार प्रकरणे झाली असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत सुमारे १ लाख ४३ हजार गर्भमृत्यू वा मृतजन्म आणि ६१ हजार नवजात बालकांचे मृत्यू होते.

मौनाचे मूल्य किती असते, हे महाराष्ट्राला नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून गुप्तरोगांविषयी उघडपणे लिहिले. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, आणि आपल्या विचारांपायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांनी ज्या चोरटेपणावर बोट ठेवले तो आज ‘अज्ञात’ या शब्दाच्या रूपाने सरकारी नोंदवहीत बसला आहे. वास्तविक विवाहित स्त्रीला हा रोग बहुधा नवऱ्याकडूनच मिळतो. तरी कलंक मात्र तिच्या माथी येतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, भारतात गर्भवतींमध्ये उपदंशाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. मग कुपोषण, रक्तक्षय असे मोठे प्रश्न बाजूला सारून याच्यामागे का लागावे? आक्षेप सरसकट चुकीचा नाही. साधने मर्यादित असतात आणि निवड करावीच लागते. परंतु निवडीचा निकष रोगाचे प्रमाण एवढाच असू शकत नाही. एका रुपयात किती आयुष्य वाचते, हाही असतो. येथे नवी यंत्रणा उभारायची नाही. एचआयव्हीसाठी रक्त घेतलेच जाते. त्याच थेंबात दोन्ही रोग दाखवणारी पट्टी उपलब्ध आहे आणि गर्भवतीची पहिली तपासणी तिनेच करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केली आहे. शिवाय हेच इंजेक्शन सांधेतापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना वर्षानुवर्षे, तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागते. एका औषधाची तजवीज केली की दोन कामे होतात.

आणि मनावर घेतले तर आपल्या देशाला हे जमत नाही असेही नाही. एके काळी भारतात दरसाल दीड ते दोन लाख नवजात बालकांना धनुर्वात होई. गर्भवतींना लस, स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ नाळ एवढ्याच साध्या उपायांच्या बळावर २०१५ साली माता व नवजातांचा धनुर्वात देशातून हटल्याचे जाहीर झाले. श्रीलंकेने आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही आणि उपदंश या दोहोंचे निर्मूलन २०१९ मध्ये करून दाखवले. क्यूबाने २०१५ मध्ये. हे देश श्रीमंतांच्या पंक्तीतले नव्हेत.

जेथे आपण अडखळतो तेथे कारण बहुधा हिशेबाचे असते. कावीळ-बची लस जन्मल्यापासून चोवीस तासांत बाळाला मिळाली पाहिजे, कारण जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांच्या यकृतात हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. परंतु लसीची कुपी दहा बाळांची असते. एका बाळासाठी ती फोडली आणि उरलेल्या नऊ मात्रा वाया गेल्या तर जाब द्यावा लागेल, या भीतीने नर्सबाई थांबतात आणि चोवीस तास उलटून जातात. वाया गेलेल्या मात्रांचा रकाना नोंदवहीत आहे. वाया गेलेल्या यकृताचा नाही.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, तपासणी पहिल्या तिमाहीत व्हावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे सत्तर टक्के मातांचीच पहिल्या तिमाहीत तपासणी झाली होती. दिवस गेल्याचे तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला सांगू नये, ही घरातली रीत येथे आड येते; ती बदलणे सुशिक्षित घरांपासून सुरू होऊ शकते.

दुसरी, ज्या दिवशी तपासणी त्याच दिवशी, त्याच खोलीत पहिले इंजेक्शन. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी अतिशय विरळ असते. तिच्या भीतीने दवाखान्यांनी हात आखडता घेण्यापेक्षा आरोग्यसेविकांना प्रशिक्षण आणि आवश्यक ती औषधपेटी द्यावी. नवऱ्यालाही उपचार मिळालाच पाहिजे, नाहीतर आईला पुन्हा लागण होते.

तिसरी, कागद बाईबरोबर जावा. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि लाखो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडावर जातात. सासरच्या गावची तपासणी माहेरच्या दवाखान्याला आणि मराठवाड्याची नोंद कारखान्याच्या गावाला, रोगाचा बभ्रा न होता, कळण्याची सोय हवी.

चौथी, सरकारने हे औषध दरवर्षीच्या निविदेत सर्वांत कमी भाव बोलणाऱ्याकडून घेण्याचा हट्ट सोडून, चार पैसे अधिक मोजून, अनेक वर्षांच्या कराराने विकत घ्यावे. उत्पादकाला मागणीची हमी मिळाली तरच तो टिकेल. लोकांच्या जिवाशी गाठ असलेल्या वस्तूत स्वस्ताई हे साध्य नसते. पुरवठा हे साध्य असते.

आणि शेवटची गोष्ट नोंदीची. मृतजन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण कारण कळल्याखेरीज त्या नोंदीला अर्थ नाही. खरे कारण, बाईचे नाव गुप्त ठेवून, वरपर्यंत पोहोचले पाहिजे. कारण सरकारी खरेदीच्या बाबतीत जे मोजले जात नाही ते मागितले जात नाही, आणि जे मागितले जात नाही ते येत नाही. त्या उपकेंद्रातल्या कपाटाचा रिकामा खण आणि वहीतला ‘अज्ञात’ हा शब्द, यांचा कार्यकारणसंबंध इतका सरळ आहे.

शिबिराहून परतल्यावर मागणीचा सिद्धान्त मी पूर्वीप्रमाणेच शिकवतो. मात्र आता त्याला एक पुरवणी जोडतो. काही ग्राहक असे असतात की ज्यांना बाजारात येता येत नाही, पैसे मोजता येत नाहीत आणि बोलताही येत नाही. त्यांच्या वतीने मागणी नोंदवण्यासाठीच समाजाने सरकार नावाची संस्था निर्माण केली आहे. ती त्यासाठी वापरली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र ज्यांना बोलता येते त्यांची, म्हणजे तुमची आमची आहे.